मी पाडलेला उजवा कौल

आमच्या होडीतून जाळं डाव्या अंगानं सोडायचे. का, ते कोणी विचारत नसे. आजा तसं सोडायचा म्हणून बाबा तसं सोडायचा, संपलं. त्यामुळे शिवणवर्गाच्या बाईंनी ज्या दुपारी आम्हाला येशूच्या त्या कोळ्यांची गोष्ट सांगितली, त्या दुपारी आम्ही खारव्यांच्या सात-आठ पोरी हसू दाबत बसलो होतो. रात्रभर जाळी टाकून त्यांना एक मासा मिळालेला नसतो, सकाळी किनाऱ्यावर उभा राहून येशू सांगतो की होडीच्या उजव्या बाजूला टाका, ते टाकतात आणि जाळं ओढवेना इतकं भरतं. बाई मूळच्या देशावरच्या, गुडघाभर पाण्यातसुद्धा कधी उतरल्या नसतील. आमच्यातल्या एकीनं विचारलंच, की बाई, उजवी म्हणजे कुठली, पुढे तोंड करून की मागे? बाईंनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाल्या, त्यांनी नाही गं विचारलं, त्यांनी टाकलं.

सुशीलाबाई त्यांचं नाव. ख्रिस्ती होत्या, रत्नागिरीहून आठवड्यातून दोन दुपारी आमच्या वाडीत यायच्या आणि शाळेच्या पडवीत आम्हाला काजं, टाके, झबली शिकवायच्या. आमच्या आयांनी आम्हाला धाडलं ते शिवणासाठी, येशूसाठी नव्हे. पण बाईंच्या हातात सुई आली की तोंडात गोष्ट यायची, त्याला कोणाची हरकत नव्हती, आणि आमच्यातली एकही पोर पुढे बाटली-बिटली नाही. बाईंची एक खोड होती. गोष्ट संपली की येशूनं काय केलं ते त्या कधीच विचारायच्या नाहीत. विचारायच्या, दुसऱ्यानं काय केलं? लग्नघरी द्राक्षारस संपला तेव्हा नोकरांनी काय केलं? रांजण पाण्यानं काठोकाठ भरले. हात वाळलेल्या माणसानं काय केलं? हात पुढे केला. दहा कुष्ठरोग्यांनी? अंगावर रोग तसाच असताना याजकाला दाखवायला निघाले, आणि वाटेत बरे झाले. चमत्कार त्याचा, बाई सांगायच्या, पण पहिलं पाऊल ह्यांचं, आणि तेही बरं व्हायच्या आधीचं. मी मान खाली घालून काजं करत हे सगळं ऐकायचे आणि मनात घट्ट धरायचे. चुकीचं धरत होते, पण ते कळायला वेळ होता.

होडीची गोष्ट मी त्याच संध्याकाळी घरी सांगितली. बाबा जेवत होता. तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं, आईच्या हाताचं, ओल्या खोबऱ्यात माखलेलं. आमच्या घरी जेवताना शिंपल्यांचाच आवाज असायचा. खाऊन झालेली शिंपली बाबा एकेक करून परातीत टाकायचा, ट्रक, ट्रक, आणि मधेच भाकरी मागायचा. त्याचं बोलणं मोजकं. गोष्ट ऐकून त्यानं हात थांबवला आणि विचारलं, तो येशू सुतार ना? मी म्हटलं, हो. "मग सुतारानं सांगितलं नि दर्यावर्दी माणसांनी ऐकलं," बाबा म्हणाला. "मासे मिळाले ह्यात काय नवल नाय गो. ऐकलं, हेच नवल." आई चुलीपाशी खो खो हसली. आईचं हसणं म्हणजे सगळ्या आळीला कळायचं. बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा गळा होता तो, घरात काय लहान होणार? मला ती संध्याकाळ आठवते ती त्या हसण्यासाठी, कारण त्याच हसण्यात ती मधेच पोट धरून खाली बसली. उसण भरली असेल, म्हणाली.

उसण नव्हती. पोटात गाठ होती, लिंबाएवढीची नारळाएवढी होत आली तरी तिनं कोणाला कळू दिली नव्हती. लुगड्याची गाठ सैल करत जायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. शेवटी एक दिवस पाटी खाली उतरवताना चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टर भला माणूस. त्यानं बाबाला बाहेर बोलावून सरळ सांगितलं, हिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्या, कापून काढावी लागेल. काढली तर कदाचित वाचेल, नाही काढली तर नाही वाचणार. मी शेजारीच उभी होते. पंधरा वर्षांची होते, सगळं समजत होतं. मला वाटलं, बाबा आता विचारेल, कधी नेऊ? बाबा म्हणाला, देवीला विचारतो.

आता आमच्याकडचं हे विचारणं काय असतं ते सांगते, कारण मुंबईत वाढलेल्या माझ्या सुनेलासुद्धा ते समजावून द्यावं लागलं. गावच्या देवीच्या पाषाणावर गुरव फुलांचे दोन ओले कळे लावतो, एक तिच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. देवीचा उजवा, म्हणजे समोर उभ्या माणसाचा डावा. मग गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. ह्याला कौल लावणं म्हणतात. आमच्या घरात नवी होडी, सोयरीक, विहिरीची जागा, काही म्हणजे काही कौलाशिवाय झालेलं नव्हतं. बाबा निरक्षर होता, पण बावळट नव्हता. त्याचा देवीवर विश्वास होता तो भाबडा नव्हता, कामाचा होता. आयुष्यभर तिनं सांगितलं तसं वागला आणि होडी कधी उलटली नाही. त्याला आणखी काय पुरावा हवा होता?

डावा पडला. मी तिथेच होते. आप्पा गुरवांनी बोट लावलं नाही, वारा नव्हता, काही नव्हतं. डावा कळा सुटला आणि पायाशी आला. बाबाचा चेहरा उतरला, पण त्यानं हात जोडले. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती उलट हलकी झाली. सुरीची तिला भीती होतीच. नको म्हणते तर नको, तिला कळतं, असं म्हणून आई तांदूळ निवडायला बसली. एकदा डावा पडला की तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारत नाहीत, देवीची परीक्षा घेतल्यासारखं होतं. बाबानं ठरवलं, शिमगा झाला की विचारू. शिमग्याला चार महिने होते. मी मनात डॉक्टरचे शब्द घोळवत होते आणि आईच्या अंगावरचं मांस दिवसागणिक कमी होताना बघत होते. माझी धाकटी बहीण कुंदा तेव्हा सात वर्षांची. ती आईच्या पोटावर डोकं ठेवून विचारायची, आये, बाळ हाय काय गो? आई म्हणायची, व्हय.

त्या चार महिन्यांत बाईंच्या गोष्टी चालूच होत्या. आता त्या मला वेगळ्या ऐकू यायला लागल्या होत्या. हात पुढे कर. रांजण भर. ऊठ, चालायला लाग. सगळ्या गोष्टींत कोणीतरी आधी काहीतरी करत होतं, आणि आमच्या घरी कोणी काही करत नव्हतं. आणि उजवी बाजू! येशूनं उजवीच का सांगितली? माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं, की हे मलाच सांगितलंय. देशावरच्या पोरीच्या मनात हे कधी आलं नसतं. तिला उजवी म्हणजे नुसती एक बाजू. आम्ही कौलाच्या गावातली माणसं, उजवं म्हटलं की आम्हाला होकारच ऐकू येतो. आज सत्तरी ओलांडल्यावर ह्या मूर्खपणाचं हसू यायला हवं. येत नाही.

शिमगा झाला. कौलाच्या सकाळी कळे खुडून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी अबोलीचे दोन जाड कळे घेतले. देवळामागे फणस आहे, त्याचं एक पान तोडलं, देठातून चीक आला तो एका कळ्याच्या बुडाला टिकलीएवढा लावला. दुसरा नुसता पाण्यात बुडवला. आप्पा गुरवांना मोतीबिंदू होता, हात कापायचा, आणि ते नेहमी आधी उजवा लावायचे, मग डावा. मी त्यांच्या हातात त्याच क्रमानं कळे दिले. बाबानं गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. तो देवीला म्हणाला, आये, मी आजवर तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाय, आता तूच सांग. आणि उजवा कळा घसरत घसरत खाली आला.

बाबा तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. मला इतकं बरं वाटलं, की मी चोरी केली आहे हेच विसरले. आप्पा डावा कळा काढायला गेले तर तो निघेना. नखानं खरवडावा लागला. पण आप्पा बाबाकडे वळून म्हणाले, बघ, डावा किती घट्ट धरून ठेवलान आईनं, आता जराही शंका नको. बाबा देवळाबाहेर आला तो दहा वर्षांनी लहान होऊन. वाटभर मला सांगत होता, आता ती वाचते बघ.

शहरातल्या इस्पितळात कापल्यावर तिसऱ्या दिवशी आई गेली. गाठ निघाली, ताप चढला, उतरला नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होती तेव्हा तिनं पेज मागितली, मेतकूट घालून. इस्पितळात मेतकूट कुठलं? मी नुसत्या मिठाची पेज दोन चमचे पाजली. ती म्हणाली, चव नाय, पण दे. तेवढंच. तिथल्या डॉक्टरनं बाबाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, त्यांच्याकडून सगळं केलं, पण उशीर झाला होता, चार महिने आधी आणायला हवी होती. बाबानं आईचं बोचकं उचललं. परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला, आणि तेही कोणाला उद्देशून नाही. "आधी नको म्हटलान, मग ने म्हटलान." सून मला समजावते, की आई, ती गाठ कॅन्सरची असणार, कधीही नेली असती तरी वाचली नसती. असेल. मला त्याचा काही उपयोग नाही.

महिन्याभरानं मी बाईंना सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? बाईंनी शिवण खाली ठेवलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, विश्वासानं केलंस ना, मग पाप नाही. त्या म्हणाल्या, "त्या कोळ्यांना त्यानं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी टाकलं. तुला कोणी सांगितलं होतं? तू स्वतःच्या मनातलं देवीच्या तोंडात घातलंस, आणि वडिलांनी ते पाळलं." मग त्याच रडायला लागल्या. गोष्ट मी सांगितली, ती तुझ्यापर्यंत अशी पोचली, माझंच चुकलं, म्हणाल्या. शेवटी डोळे पुसून त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली. आज घरी जा आणि वडिलांना सांग. आजच. मी म्हटलं, हो. त्या दिवशी सांगितलं नाही. बाईंच्या सगळ्या गोष्टींतली माणसं ऐकल्याबरोबर उठायची. मी तीन वर्षं लावली. मधे बाईंची चिपळूणकडे बदली झाली, निघताना त्यांनी हळूच विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो आशीर्वादही खोट्यावरच घेतला मी.

त्या तीन वर्षांत बाबाचं काय झालं ते लिहायला हात जड होतो. तो देवळाची पायरी चढला नाही. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी खाडीच्या तोंडाशी नारळ सोडायला गेली, हा ओटीवर विड्या ओढत बसला. देवीला तो शिव्या देत नव्हता. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणायचा, तिथं कोण नाय. कधीच कोण नव्हतं, आपण दगडाशी बोलत होतो. आमच्या होडीवर दोन खलाशी होते, लांबचे भाऊबंदच. ते वर्षभर गप्प राहिले, मग एक दिवस येऊन सांगून गेले, की काका, राग मानू नका, पण नारळ न सोडलेल्या होडीत बसायचा धीर होत नाय. त्यांची चूक नव्हती. एकट्यानं ती होडी लोटणं शक्य नव्हतं. ती किनाऱ्यावर पालथी पडली आणि उन्हानं तिच्या फळ्या फाकायला लागल्या. बाबा दुसऱ्यांची जाळी सांधायला लागला. जेवताना आता शिंपल्यांचा आवाज नसायचा, सुकटीची चटणी आणि भाकरी. बाबा भिंतीकडे तोंड करून जेवायचा. रोज वाटायचं, आज सांगू. देवी खोटं बोलली नाही, मी बोलले, एवढंच तर सांगायचं होतं. त्याचं सगळं त्याला परत मिळालं असतं. आणि रोज वाटायचं, मग माझं काय होईल?

आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. ढोल, ताशे, माणसं आळीपाळीनं पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, मग ती अंगणात टेकवतात, घरची बाई ओटी भरते. आई गेल्यानंतरची दोन वर्षं बाबानं दार लावून घेतलं आणि पालखी आमच्या अंगणात थोडा वेळ थांबून पुढे गेली. तिसऱ्या वर्षी भर दुपारी ढोल जवळ आले तसा बाबा उठला आणि त्यानं दाराला आतून अडसर घातला. मी सकाळीच ताटात खण, नारळ, तांदूळ काढून ठेवले होते. का, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. बाहेर ढोल आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी आले, अंगणात आले. माणसं बाबाला हाका मारायला लागली. कोणी रागावलेलं नव्हतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं. आप्पा गुरवांचा म्हातारा आवाज आला, की अरे, आई दारात उभी हाय, निदान तोंड तरी दाखव. बाबानं कानांवर हात ठेवले.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्याचे हात कानांवरून काढले. ढोलामुळे मला ओरडून बोलावं लागलं. म्हटलं, बाबा, तो उजवा देवीनं दिला नव्हता. मी दिला. डाव्याला फणसाचा चीक लावला होता. त्याला पहिल्यांदा समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, पान कुठलं तोडलं, चीक कसा लावला, कळे कुठल्या क्रमानं दिले, सगळं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला आठवत असणार, आप्पांचं नखानं खरवडणं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. राग नव्हता तो. तीन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस हसल्यासारखा दिसला.

"म्हणजे ती नकोच म्हणत होती," बाबा म्हणाला. "पहिल्यापासनं नको म्हणत होती."

मी म्हटलं, हो. तो उठला, अडसर काढून टाकला आणि दार सताड उघडलं. अंगणातल्या माणसांना आधी खरंच वाटेना. बाबा धावत गेला, पालखीपुढे आडवा पडला, कपाळ मातीत घासलं, आणि उठला तो थेट दांड्याला खांदा लावून. ढोलवाले पेटले. माझा म्हातारा होत चाललेला बाप पालखी खांद्यावर घेऊन नाचत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आप्पा गुरव रडत होते, ते दोन खलाशी रडत होते, त्यातल्या एकानं दुसऱ्या दांड्याला खांदा लावला. आजवर बाईंकडून ऐकलं होतं ते मी त्या दुपारी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सांगितलेलं एकदाचं केलं, आणि मेलेला माणूस उठून चालायला लागला. मला वाटलं, आता सगळं होईल. होडीसुद्धा पाण्यात जाईल. ती गेलीही, त्याच पावसाळ्यानंतर.

पालखी टेकवली. मी ओटीचं ताट घेऊन पायरी उतरले. बाबा घामानं निथळत देवीशेजारी उभा होता. मला येताना बघून तो दोन पावलं पुढे आला आणि ताट माझ्या हातातून काढून घेतलं. जोरानं नाही, अगदी सावकाश. कुंदा दहा वर्षांची होती, गर्दीत पुढेच उभी होती. त्यानं ताट तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, तू भर गो ओटी, घरात दुसरी कोण नाय.

तो त्यानंतर सोळा वर्षं जगला. माझ्या लग्नाचा कौल त्यानं स्वतः कळे खुडून लावला आणि उजवा पडला तशी मला मंडणगडला दिली. कशात कमी केलं नाही. मुलगा झाला तेव्हा पाळणा धाडला, कुंदाबरोबर. माहेरी गेले की पान वाढलेलं असायचं. पण माझ्याशी तो बोलला नाही, एक शब्द नाही. शेवटच्या दुखण्यात मी आठ दिवस त्याच्या उशाशी होते. पाणी हवं असलं की तो कुंदाला हाक मारायचा, आणि ती विहिरीवर गेलेली असली तर ती येईपर्यंत तसाच थांबायचा.